कोंढऱ्याचा नारळ

कुंतीने श्वास रोखून पान उलटलं. उलटलं म्हणजे काय, यशपालने खालून लाकडी पट्टी सरकवली, तिने वरून दोन्ही तळवे अलगद टेकले आणि दोघांनी मिळून ते पान या कुशीवरून त्या कुशीवर निजवलं. कडा कसरीने पार खाल्लेल्या. मधोमध बोटाएवढं भोक, आणि त्या भोकातून खालच्या पानावरचं कुणा भलत्याच माणसाचं वय दिसत होतं.

यशपालने पट्टीचं टोक एका ओळीखाली टेकवलं.

“हा तुमचा नंबर,” तो बेटावरच्या क्रिओल बोलीत म्हणाला.

कुंतीने पर्समधून चिठोरा काढून आकडा ताडून पाहिला. एकदा, दोनदा, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. तोच होता. दोन महिने ती दर पंधरवड्याला क्युरपिपच्या आपल्या कचेरीत रजा टाकून, दोन बस बदलून या जुन्या दप्तरांच्या खोलीत येत होती. एका सालाच्या वह्याच नव्हत्या. एक गठ्ठा पाण्याने असा चिकटला होता की तो उघडायची सोयच राहिली नव्हती. यशपाल इथला दप्तर सांभाळणारा, तिशीचा, अबोल माणूस. दर खेपेला तो “पुढच्या वेळी बघू” म्हणायचा आणि कुंतीला वाटायचं, हा आपल्याला कटवतोय. बिचारा कटवत नव्हता. खरोखरच बघत होता.

अक्षर इंग्रजी, तिरकं. शाई तपकिरी झालेली. नाव धाकू. बापाचं नाव सोमा. वय एकवीस. डाव्या भुवईवर व्रण. जहाज मुंबईहून आलेलं, साल १८५९. गाव कोंढरे, जिल्हा रत्नागिरी.

गाव मिळालं होतं! चाळिशीला टेकलेल्या बाईने परक्या कचेरीत असं रडू नये, पण कुंतीच्या डोळ्यांना धारच लागली. कोंढरे. तोंडातल्या तोंडात तिने तो शब्द घोळवून पाहिला. तिकडे कांप दे मास्क गावातल्या घरात तिचे बा या एका शब्दासाठी जीव धरून बसले होते.

बा म्हणजे चंद्रमोहन धाकू. वय शहात्तर. सगळा जन्म उसात गेला आणि आता छातीत पाणी भरत होतं. डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं होतं, आशा नाही. जून महिन्यात पुतण्या इंद्रजीत सांगत आला की मराठी मंडळींचा एक जथा नोव्हेंबरात भारतात निघालाय आणि त्यात त्याचंही नाव आहे. त्या दिवशी म्हाताऱ्याने परसातल्या माडाचा एक नारळ उतरवून घेतला, देवापुढे ठेवला आणि कुंतीला बोलावणं धाडलं. आपला आजा, म्हणजे कुंतीचा पणजा, ज्या गावाहून आला, तिथे हा नारळ पोचला पाहिजे; तर ते गाव हुडकून काढ, एवढंच म्हणाला. कुंती त्याची एकुलती एक लेक, लग्न न केलेली. बापाने जन्मात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. नाही कसं म्हणणार?

गावाचा ठावठिकाणा कुणालाच नव्हता. आज्याचं मजुरीचं तिकीट पत्र्याच्या पेटीत होतं, ते कॅरोल नावाच्या चक्रीवादळात भिजलं. नाव, गाव धुऊन गेलं. आकडा तेवढा उरला. तेव्हापासून दर रविवारी कुंती घरी गेली की म्हातारा तिच्या तोंडाकडे बघायचा, मग नारळ उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी वाजतंय तोवर ठीक, म्हणायचा. मागल्या दोन रविवारी ते जरा कमीच वाजलं होतं.

कुंतीने डोळे पुसले आणि वही आवरायला हात पुढे केला. पण यशपालने पट्टी अजून काढली नव्हती.

“कडेलाही काहीतरी लिहिलंय,” तो म्हणाला, आणि खिडकीकडे वळवून त्याने ते वाचून दाखवलं. लाल शाईत, दुसऱ्या हाताने लिहिलेलं. मयत, जून १८६१. तिकीट सापडले नाही.

कुंती हसलीच. हे कसं शक्य आहे? बांचे वडील जन्मले ते १८७३ साली. त्यांचा दाखला तिच्या पर्समध्ये होता. त्यावर बापाचं नाव धाकू आणि नंबर हाच. मेल्यावर बारा वर्षांनी कुणाला मुलगा होतो काय? कारकुनाने ओळ चुकवली असेल, म्हणाली.

यशपाल वाद घालणारा माणूस नव्हता. त्याने तिला बसायला सांगितलं आणि खाली बघत, सावकाश समजावलं. त्या काळी तिकिटावर फोटो नसायचा. कोठीवरून, म्हणजे उसाच्या मळ्यावरून, पळालेला मजूर बिनतिकिटाचा सापडला की पकडून तुरुंगात टाकत. अशा पळून आलेल्याला कुठल्या तरी झोपडीत ओळखीचा माणूस भेटायचा. तो तापाने मेला तर हा त्याचं तिकीट घ्यायचा आणि दूरच्या कोठीवर त्याच्या नावाने कामाला लागायचा. कोठीचा कारकून तिकीट बघे, माणूस कोण बघतो! आणि मोठ्या वहीत मयत लिहिणाऱ्याला तिकीट कुठे गेलं ते कधीच कळत नसे.

“मग आमचा पणजा कोण?” कुंतीने विचारलं.

यशपालने पट्टी काढून घेतली.

“ते इथे लिहिलेलं नाही, मिस.”

क्युरपिपला नेहमीचा पिरपिरा पाऊस लागला होता. बसच्या काचेवर वाफ धरली होती, आणि कुंती मांडीवर पर्स आवळून बसली होती. पर्समध्ये तिचं ओळखपत्र होतं. कुंती धाकू. शाळेच्या दाखल्यावर धाकू, बांच्या दोन एकर उसाच्या कागदावर धाकू, आई वारली तेव्हा स्मशानातल्या वहीत बसंती धाकू. एका एकवीस वर्षांच्या, तापाने मेलेल्या पोराचं नाव हे लोक सव्वाशे वर्षं अंगावर घालून हिंडत होते, आणि त्या पोराचा यांच्याशी रक्ताचा थेंबभरही संबंध नव्हता. 

मग तिला एकदम बाहेरचं पान आठवलं. दर सर्वपित्रीला त्यांच्या घरी दोन पानं वाढत. एक अंगणात, आज्याच्या नावाने. बा तीळपाणी सोडत आणि मोठ्याने म्हणत, धाकू सोमा. दुसरं परसाबाहेर, उसाच्या कडेला दगडांची रास होती तिथे. त्या पानाला नाव नाही, पाणी नाही. ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. आई त्याला जहाजीचं पान म्हणायची. आज्याचा कुणी जहाजीभाई होता, बोटीतला सोबती, त्याच्यासाठी आजाच ते ठेवत असे, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणजे तो जहाजी हाच, कुंतीच्या ध्यानात आलं. खरा धाकू.

आणि आता बांना काय सांगायचं? ज्या गावासाठी जीव धरलाय, ते गाव दुसऱ्याचं. आपलं गाव कुठल्याच वहीत नाही. मरायला टेकलेल्या माणसाला हे सांगायला काळीज दगडाचं हवं. बस थांबेस्तोवर तिचं ठरलं होतं. गाव सांगायचं. कडेचं सांगायचं नाही.

रविवारी ती गेली तेव्हा म्हातारा ओसरीवर उशांना टेकून बसला होता. तिने त्याच्या पायाशी बसून सांगितलं की गाव मिळालं, कोंढरे, रत्नागिरीकडे. त्याने डोळे मिटले. 

“आणखी काय लिवलंय?” त्याने विचारलं.

बापाचं नाव सोमा, वय एकवीस, डाव्या भुवईवर व्रण. कुंतीने सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं.

“आणि कडेला?”

“कडा कसरीने खाल्ल्यात, बा.”

खोटं काय होतं त्यात? कडा खाल्लेल्याच होत्या. म्हाताऱ्याने मात्र डोळे उघडले आणि लेकीच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. “बों,” म्हणजे बरं, असं क्रिओलमध्ये, बाजारात एखादी वस्तू नको असली की म्हणतात तसं म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. कुंती चक्रावली. तिला वाटलं होतं बा रडतील, शेजारपाजारच्यांना हाका मारतील, निदान नारळ तरी उचलून बघतील. इंद्रजीतच्या आईने, पार्वतीकाकूने, सांगितलं की औषधामुळे माणूस असा होतो. कुंतीने मान डोलावली, पण मनातली रुखरुख काही गेली नाही.

इंद्रजीत मात्र हुरळून गेला. तो उसाच्या ट्रकवर काम करणारा, मोकळ्या मनाचा गडी. धाकूंचं गाव सापडलं, धाकूंचं गाव सापडलं, असं त्याने गल्लीभर केलं. मराठी मंडळींच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. जो भेटेल तो कुंतीचं कौतुक करायचा, आणि प्रत्येक कौतुकाला तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सप्टेंबरात ती पुन्हा एकदा यशपालकडे गेली. या वेळी तिने त्या जहाजाची यादी मागितली. पणजा पळालेला मजूर असेल, आणि जहाजीभाई असेल, तर त्याच बोटीने आला असेल ना? यशपालने कुठून कुठून शोधून यादी आणली. निम्मी होती. शेवटचे कागद गळून गेलेले, कधी गेले तेही कुणाला सांगता येत नव्हतं. उरलेल्या निम्म्यात सात नावांपुढे पळाला असं लिहिलं होतं, आणि त्यांतलं एकही नाव पुढे कुठल्या वहीत परत आलेलं नव्हतं. सात माणसं, सात गावं. तिने ती कागदावर उतरवून घेतली.

यातला एक असेल, यशपाल म्हणाला. मग यादी परत बांधता बांधता, नसेलही, म्हणाला.

सर्वपित्रीला कुंतीने रजा घेतली आणि पहाटेच घरी आली. पार्वतीकाकू आणि तिने मिळून वडे तळले, भोपळ्याची भाजी केली, खीर केली. म्हातारा आठ दिवसांत आणखी उतरला होता. पाटावर बसवत नव्हतं, तरी तीळपाणी मीच सोडणार म्हणून हटून बसला. इंद्रजीतने त्याला काखेत धरून अंगणात आणलं. धाकू सोमा, तो म्हणाला, आणि निम्मं पाणी पायावरच सांडलं. मग ओसरीच्या पायरीवर टेकून त्याने इंद्रजीतला समोर बसवलं. देवापुढचा नारळ मागून घेतला. या खेपेला हलवून बघितला नाही.

“कोंढऱ्याला गेलास की देवळात जायच्या आधी सोमाचं घर इचार,” तो म्हणाला.

इंद्रजीतने विचारलं, कोण सोमा?

“धाकूचा बाप. भावकीतलं कोण ना कोण असंल. नारळ त्यांच्या हातात दे. सांग, तुमचा धाकू जहाज लागल्यावर दोन वर्सांतच तापानं गेला. डाव्या भुवईवर खूण व्हती, म्हंजे वळख पटंल. मरताना एकटा नव्हता. वाट बघू नका म्हणावं.”

इंद्रजीत एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा कुंतीकडे बघायला लागला. त्याला वाटलं, काकांना भ्रम झालाय. कुंतीच्या हातात दुसरं पान होतं, वाढून तयार; ते तिने खाली पायरीवर ठेवलं. दोन वर्षं. ताप. यातलं काही तिने सांगितलं नव्हतं.

“बा, तुम्हाला ठाऊक होतं?”

होतं. त्याच्या बापाने मरताना सांगितलं होतं, त्या बापाला आज्याने. पण सांगणारे दोघेही मरणाच्या दारात. खरं किती आणि तापातली बडबड किती, कसं कळावं? आणि बाहेर काढायचं तरी कुणाजवळ? जमीन त्या नावावर, घर त्या नावावर, लेकीची नोकरी त्या नावावर. कागद बोलला तर बोलू, नाही तर आपल्याबरोबर जाऊ दे, असं म्हाताऱ्याने मनाशी ठरवलं होतं. हे सगळं तो तुटक तुटक, दम घेत सांगत होता. गाव त्याला आपल्यासाठी नकोच होतं. त्या पोराची आई दाराशी बसून मेली असेल, कळवायचं राहून गेलं, म्हणत आज्याने डोळे मिटले होते. आजा लिहू शकत नव्हता, आणि लिहवून घ्यायचं तर आपण कोण ते सांगावं लागलं असतं.

“तू म्हणलीस कडा खाल्ल्यात, तवा तुझ्या तोंडावरनंच कळलं,” म्हातारा म्हणाला. “मग मला बी बोलवंना.”

कुंती पायरीवर बसली. म्हणजे दोन महिने ती बापाला जपत होती, आणि बाप तिला. रडावं की रागवावं, तिला कळेना.

मग तिने पान उचललं. म्हणाली, उशीर होतोय, जहाजीचं पान ठेवून येते.

“त्ये जहाजीचं नाय गो बाय.”

ती थांबली.

“आजा जिता व्हता तवर त्ये जहाजीचं,” म्हातारा म्हणाला. “सोताचं नाव घालून पान कसं वाढनार? म्हनून बिननावाचं. पन आता नावानं वाढलेलं, ज्याचं नाव त्यालाच पोचनार ना? अंगणातलं धाकूचं. बाहेरचं आपल्या आज्याचं.”

अंगणात मोठं केळीचं पान, त्यावर वडे, खीर, तूप, वर तीळ. कुंतीच्या हातातलं लहान, एका बाजूने फाटकं. उरलंसुरलं त्यावर वाढायची रीतच होती. लहानपणापासून दर वर्षी तेच पान तिने धावत जाऊन दगडांवर टाकलं होतं आणि मागे न बघता पळत आली होती. ती उठून आत गेली. नवं पान घेतलं, नव्याने सगळं वाढलं, खीर दोनदा वाढली. येताना पाण्याचा तांब्या आणि पर्समधला कागदही घेऊन आली.

तिने बांना सात नावांचं सांगितलं. यांतला एक आपला असेल, म्हणाली. सातही नावं घेतली तर?

म्हाताऱ्याने हात नुसता हलवला. “अंदाजानं हाक मारू नये. भलताच यायचा, नि आपला ऱ्हायचा तसाच उपाशी.”

“आज्याने आपलं नाव कधीच सांगितलं नाही?”

“बापानं इचारलं नाय. त्यालाबी भ्या वाटलं असंल. नि मी बापाला इचारलं नाय.” त्याला खोकला आला, आणि इंद्रजीतने पाठ चोळली तेव्हा कुठे तो थांबला.

कुंती परसातून बाहेर पडली. ऊस कापून झाला होता. नुसती खोडकं आणि कडेला काळ्या दगडांची रास. तिने वरचा एक सपाट दगड पदराने पुसला, त्यावर पान मांडलं, आणि तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. या पानाला आजवर कुणी पाणी सोडलं नव्हतं. सोडताना काहीतरी म्हणायला हवं होतं. तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. बोटांमधून पाणी गळून गेलं.

“बा,” तिथूनच तिने विचारलं, “काय म्हणून हाक मारू?”

पायरीवर म्हातारा इंद्रजीतच्या आधाराने सरळ बसला.

“पणजा म्हन,” म्हातारा म्हणाला. “तेवढं तरी खरं हाय.”

तिने पुन्हा पाणी घेतलं आणि हाक मारली. इकडे कावळे नाहीत, ते पोर्ट लुईच्या बंदरात; कांप दे मास्कला पितरांचा घास साळुंक्या उचलतात. अंगणातल्या पानावर एव्हाना पाच-सहा उतरल्या होत्या आणि वड्यावरून भांडत होत्या. दगडांकडे एकही फिरकली नाही. पार्वतीकाकूने दोनदा हाक मारली की चल आता, मागे बघायचं नसतं. कुंती हलली नाही. पान समोर ठेवून ती दगडांपाशी वाट बघत उभी राहिली.